फिक्स आला, पण बिंदू बरोबर आहे का? नवा जीपीएस रिसीव्हर शिकताना

टोटल स्टेशनवर, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्रावर, हात बसलेल्या माणसाला नवा जीपीएस रिसीव्हर पहिल्या तासात फार सोपा वाटतो. पोल उभा करा, बुडबुडा मध्यावर आणा, बटण दाबा, बिंदू नोंदला. मागची खूण धरायला नको, दृष्टिरेषेतली झुडपं तोडायला नकोत, प्रिझम धरायला दुसरा माणूस नको. अवघड भाग पुढे येतो. टोटल स्टेशनची चूक बहुतेक वेळा जागेवरच पकडता येते, कारण मागच्या खुणेवर परत नजर टाकली की कोन जुळत नाही. रिसीव्हर मात्र चुकीच्या बेसवर, चुकीच्या अँटेना उंचीवर, चुकीच्या झोनमध्ये (नकाशाच्या निर्देशांक पट्ट्यात) सुद्धा ‘फिक्स, ०.०१२’ असंच दाखवत राहतो. तो आकडा एवढंच सांगतो की बेस (एका जागी स्थिर ठेवलेला रिसीव्हर) आणि रोव्हर (पोलवर घेऊन फिरायचा रिसीव्हर) यांच्यामधलं अंतर आणि दिशा बारा मिलिमीटरच्या आसपास ठरली आहे. बेस नेमका कुठे आहे, पोलचं टोक अँटेनाच्या किती खाली आहे, निर्देशांक कोणत्या पद्धतीत हवेत, हे सगळं आपण भरलेलं असतं आणि उपकरण ते जसंच्या तसं खरं धरतं. म्हणून नवं यंत्र शिकताना आम्ही मेनूंच्या क्रमाआधी एक गोष्ट ठरवली: ते आपल्याकडून काय काय गृहीत धरतं ते एकेक करून तपासायचं.

सुरुवात पोलपासून. नव्या पोलचा बुडबुडा बरोबर असेलच असं धरू नये. पोल बायपॉडवर (दोन पायांच्या आधारावर) घट्ट उभा करून बुडबुडा मध्यावर आणायचा आणि पोल स्वतःभोवती १८० अंश फिरवायचा. बुडबुडा जागचा हलला नाही तर ठीक. सरकला, तर सरकलेल्यातलं अर्धं बुडबुड्याखालच्या स्क्रूंनी आणि उरलेलं अर्धं बायपॉडच्या पायांनी काढायचं, मग पुन्हा फिरवून पाहायचं. २ मीटरच्या पोलवर १ अंशाचा कल म्हणजे अँटेना टोकाच्या डोक्यावर नसून साडेतीन सेंटीमीटर बाजूला आहे. १० मिनिटांचा कल, जो डोळ्याला जेमतेम दिसतो, तोही सहा मिलिमीटर खातो. रिसीव्हरची सगळी अचूकता एवढ्याशा स्क्रूमध्ये निघून जाते. पोलचं टोक सैल नाही ना, सरकत्या पोलची खीळ पूर्ण बसते ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

फर्मवेअर अद्ययावत करायचं असेल तर बेस, रोव्हर आणि कंट्रोलर (हातात धरून दोन्ही चालवायचं उपकरण) तिन्हींचं एकदम करावं, बॅटऱ्या पूर्ण भरून करावं, आणि मोजणीच्या आदल्या रात्री कधीही करू नये. अद्ययावत झाल्यावर रेडिओच्या सेटिंग्ज आणि कच्च्या नोंदींचा कालांतर कधीकधी मूळ पदावर जातो. जागेवर पोचल्यावर ते कळलं की सकाळ वाया जाते.

आता बेस. शिकण्यातला निम्मा वेळ इथे द्यावा असं आमचं ठाम मत आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ग्लोनास, गॅलिलिओ आणि बायडू या जीपीएससारख्याच यंत्रणांचे उपग्रहही आजचे रिसीव्हर सोबत घेतात, त्यामुळे एका वेळी तीस-चाळीस उपग्रह दिसणं नवलाचं राहिलेलं नाही. जीपीएसच्या एल-१ वाहक लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर असते. एका लहरीचा कितवा भाग आत आला हे रिसीव्हर मिलिमीटरपर्यंत मोजतो, पण उपग्रहापासून इथवर पूर्ण लहरी किती आल्या ते त्याला माहीत नसतं. बेस आणि रोव्हर एकाच वेळी तेच उपग्रह पाहतात. त्यांच्या नोंदींची वजाबाकी केली की घड्याळांच्या चुका जातात, वातावरणामुळे आलेली बरीचशी चूकही जाते, आणि तो पूर्णांक शोधता येतो. पूर्णांक ठरला की फिक्स. ठरला नसेल तर फ्लोट, म्हणजे काही डेसिमीटरची अनिश्चितता. बेसशी संपर्कच नसेल तर ऑटोनॉमस किंवा सिंगल, म्हणजे काही मीटर. हे तीन शब्द कंट्रोलरवर कुठे दिसतात ते पहिल्या दिवशीच डोळ्यात बसवून घ्यावं. बिंदू नोंदताना फक्त फिक्सच स्वीकारायचा अशी सेटिंग जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करून टाकावी.

बेस सुरू करताना कंट्रोलर विचारतो: निर्देशांक माहीत आहेत की इथलीच जागा घेऊ? ‘हिअर’ हे बटण मोहात पाडतं, कारण त्यावर लगेच काम सुरू होतं. त्या बटणाने बेस स्वतःची जागा ऑटोनॉमस पद्धतीने ठरवतो, जी खऱ्या जागेपासून एक-दोन ते पाच मीटर कुठेही असू शकते, उंचीत त्याहून जास्त. मग रोव्हरचे सगळे बिंदू तेवढेच सरकतात. आपापसातली अंतरं मात्र बरोबर येतात, म्हणून टेप लावून तपासलं तरी काही दिसत नाही. खरी अडचण दुसऱ्या दिवशी उभी राहते. त्याच खुणेवर बेस लावून पुन्हा ‘हिअर’ दाबलं, की बेसला नवे निर्देशांक मिळतात. पहिल्या दिवशी हद्दीची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी, आणि नकाशात दोन्ही जोडताना मधल्या दगडाला दीड मीटरची पायरी पडते. दोन्ही दिवसांचे फिक्स उत्तम असतात, दोष फक्त त्या बटणाचा. म्हणून नियम असा: नव्या जागी पहिल्यांदा ‘हिअर’ दाबावं लागलं तर चालेल, पण बेसखाली पक्की खूण ठोकायची, आलेले निर्देशांक वहीत उतरवायचे, आणि पुढच्या प्रत्येक दिवशी तेच हाताने भरायचे. दोन दिवस जोडणारे निदान दोन-तीन ठळक बिंदू दोन्ही दिवशी मोजलेले असतील, तर झालेला गोंधळही नंतर निस्तरता येतो.

त्या खुणेचे खरे निर्देशांक हवे असतील तर जवळच्या प्रमाणित नियंत्रण बिंदूवरून आणावेत. तो नसेल तर बेसलाच काम करू द्यावं. आरटीके, म्हणजे बेसकडून रोव्हरला जागेवरच मिळणारी दुरुस्ती, चालू असतानाच बेसमध्ये कच्च्या नोंदी साठवायच्या, १५ किंवा ३० सेकंदांच्या अंतराने, निदान २ तास; ४ ते ६ तास मिळाले तर उंची स्पष्टपणे सुधारते. ती फाइल रिनेक्स या सर्वमान्य स्वरूपात बदलून ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉस किंवा कॅनडाच्या सीएसआरएस-पीपीपी या सेवेला पाठवली की निर्देशांक ईमेलने परत येतात. दोन्ही मोफत आहेत आणि जगातल्या कुठल्याही ठिकाणची फाइल घेतात. ऑसपॉस आसपासच्या कायमस्वरूपी केंद्रांशी तुलना करून गणित करते, सीएसआरएस-पीपीपी उपग्रहांच्या अचूक कक्षा आणि घड्याळं वापरून एकट्या रिसीव्हरचं गणित सोडवते. एकच फाइल दोघांकडे पाठवून उत्तरं ताडून पाहणं हा चांगला पडताळा आहे. फाइल पाठवताना अँटेनाचं नाव अधिकृत यादीत आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहावं, नाहीतर उंचीत काही सेंटीमीटर चुकतात. उत्तर सहसा आयटीआरएफ या जागतिक संदर्भ चौकटीत, मोजणीच्या तारखेच्या स्थितीत येतं. भूखंड वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असल्यामुळे ही तारीख निर्देशांकांसोबत लिहून ठेवावी लागते.

अँटेनाची उंची हा दुसरा सापळा. ट्रायपॉडवरच्या बेसची उंची तीन प्रकारे मोजता येते: खुणेपासून अँटेनाच्या तळापर्यंत सरळ, खुणेपासून रिसीव्हरच्या कडेवरच्या रेघेपर्यंत तिरकी, किंवा थेट फेज सेंटरपर्यंतची आकडेमोडीने काढलेली. फेज सेंटर म्हणजे जिथे लहर प्रत्यक्ष ‘पोचली’ असं मानलं जातं ती जागा. ती रिसीव्हरच्या आत, तळापासून काही सेंटीमीटर वर असते. तिरकं मोजून कंट्रोलरमध्ये ‘सरळ, तळापर्यंत’ निवडलं, तर सगळ्या उंच्या तेवढ्याने चुकतात, आणि क्षैतिज स्थिती निर्दोष असल्यामुळे संशयही येत नाही. आम्ही दोन सवयी लावल्या. तिरकी उंची रिसीव्हरच्या तीन बाजूंनी मोजायची. तिन्ही आकडे २ मिलिमीटरच्या आत आले नाहीत तर ट्रायब्रॅक (ट्रायपॉडवरची समतल करायची बैठक) सपाट नाही. आणि उंची कामाच्या सुरुवातीला व शेवटी मोजायची, कारण मऊ जमिनीत ट्रायपॉडचे पाय दिवसभरात खचतात. वहीत आकड्याच्या शेजारी ‘कुठपर्यंत’ हे एका रेखाचित्रात काढावं. नुसतं १.५४२ लिहिलेलं महिन्याभराने काही उपयोगाचं नसतं.

रोव्हरच्या पोलचंही तेच. झुडपावरून आकाश मिळावं म्हणून पोल २ मीटरवरून वर सरकवला आणि कंट्रोलरमध्ये बदल केला नाही, तर तिथून पुढचे सगळे बिंदू खऱ्या जमिनीपेक्षा वर दिसतात. कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढल्यावर शेतात एक सरळ पायरी दिसली की बहुतेक वेळा तिचं कारण हेच निघतं.

बेसची जागा निवडताना १०–१५ अंशांच्या वरचं आकाश चहूबाजूंनी मोकळं हवं. पत्र्याचं छप्पर, उभी केलेली गाडी, लोखंडी जाळी, मोठी काचेची भिंत यांच्याजवळ बेस लावू नये. लहर तिथे आपटून उशिरा येते, आणि बेसमध्ये शिरलेली ही चूक प्रत्येक रोव्हरबिंदूत उतरते. रोव्हर एखाद्या भिंतीपाशी चुकला तर एकच बिंदू जातो, बेस चुकला तर दिवस जातो.

बेस ते रोव्हर दुरुस्ती पोचवण्याचे दोन मार्ग: रेडिओ किंवा इंटरनेट. रेडिओ वापरताना दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी, चॅनेलची रुंदी (१२.५ किंवा 	२५ किलोहर्ट्‌झ), प्रोटोकॉल आणि हवेतला वेग, हे चारही एकसारखे लागतात. त्यातलं एक जरी वेगळं असलं तरी बेसचा दिवा लुकलुकतो आणि रोव्हरवर काहीच येत नाही. अँटेना जोडल्याशिवाय रेडिओ प्रक्षेपणावर ठेवू नये; बाहेर न गेलेली शक्ती परत फिरून अ‍ॅम्प्लिफायर जाळू शकते. पल्ला वाढवायचा तर वॅट वाढवण्याआधी अँटेना उंच करावी. मध्ये टेकडी असेल तर ३५ वॅटचा रेडिओही अडतो, आणि आतला एक-दोन वॅटचा रेडिओ मोकळ्या माळावर काही किलोमीटर सहज चालतो. परवानगी असलेली फ्रिक्वेन्सी कोणती हे आधी विचारून घ्यावं.

इंटरनेटवरून घेताना एनट्रिप ही दुरुस्ती पाठवण्याची पद्धत वापरली जाते. त्यात पत्ता, पोर्ट (बहुधा २१०१), वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि माउंट पॉइंट (कोणता दुरुस्ती-प्रवाह हवा त्याचं नाव) एवढं भरावं लागतं. इथली सर्वांत जास्त भेटणारी अडचण अशी, की जोडणी झालेली दिसते, डेटा येत नाही. आभासी केंद्र देणाऱ्या, म्हणजे रोव्हरजवळच बेस असल्यासारखी दुरुस्ती तयार करणाऱ्या, सेवेला रोव्हरची अंदाजे जागा आधी कळावी लागते, म्हणून रोव्हरकडून जीजीए (स्वतःची जागा कळवणारा) संदेश पाठवण्याची सेटिंग चालू हवी. ती बंद असली तर सेवा वाटच पाहत बसते. डेटा येतो पण फिक्स होत नाही, असं असेल तर येणारे संदेश पाहावेत. आरटीसीएम ३ या दुरुस्ती-संदेशांच्या प्रमाणित स्वरूपात बेसचे निर्देशांक १००५ किंवा १००६ मध्ये येतात, अँटेनाची ओळख १०३३ मध्ये, आणि नोंदी १०७४ किंवा १०७७ (जीपीएस), १०८४ किंवा १०८७ (ग्लोनास), १०९४ किंवा १०९७ (गॅलिलिओ), ११२४ किंवा ११२७ (बायडू) मध्ये. १००५ किंवा १००६ येतच नसेल तर रोव्हरला बेस कुठे आहे ते कळत नाही. हे क्रमांक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मदत मागताना ‘चालत नाही’ ऐवजी ‘१०७७ येतोय, १००६ येत नाही’ असं सांगता आलं की उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

रेडिओ असो वा इंटरनेट, दुरुस्तीचं वय म्हणजे ‘एज’ एक-दोन सेकंदांच्या आसपास राहिलं पाहिजे. ते दहा-पंधरावर गेलं की फिक्स दिसत असला तरी बिंदू घ्यायला थांबावं.

अचूकतेची जी ओळ माहितीपत्रकात असते, ८ मिलिमीटर अधिक १ पीपीएम आडवं, १५ मिलिमीटर अधिक १ पीपीएम उभं, तिचा अर्थ नीट वाचावा. १ पीपीएम म्हणजे बेसपासून दर किलोमीटरला १ मिलिमीटर. बेस १० किलोमीटरवर असेल तर आडवं सुमारे १८ आणि उभं २५ मिलिमीटर, तेही मोकळ्या आकाशाखाली. उंची नेहमीच कमी भरवशाची असते, कारण उपग्रह फक्त वर असतात. जमिनीखालून पाहणारं कोणी नसतं. ज्या कामात पाण्याचा उतार मिलिमीटरमध्ये लागतो तिथे डंपी किंवा डिजिटल लेव्हल या उंचीचा फरक मोजणाऱ्या यंत्राला पर्याय नाही.

खोटा फिक्स ही गोष्ट नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. झाडाखाली किंवा उंच इमारतीच्या कुशीत, काही लहरी अडलेल्या आणि काही परावर्तित होऊन आलेल्या असताना, गणित चुकीच्या पूर्णांकावर जाऊन बसतं. स्क्रीनवर फिक्स, आरएमएस (उपकरणाने अंदाजलेली चूक) १५ मिलिमीटर, आणि बिंदू वीस सेंटीमीटर, कधी अर्धा मीटर बाजूला. एका जागी जास्त वेळ उभं राहून सरासरी काढल्याने तो बरा होत नाही. एकाच चुकीची सरासरी निघते. त्यावर उपाय एकच आहे: फिक्स मोडायचा आणि पुन्हा होऊ द्यायचा. रिसीव्हर उलटा धरून किंवा मेनूतून रीसेट करून नव्याने फिक्स घ्यावा आणि तोच बिंदू पुन्हा मोजावा. दोन स्वतंत्र फिक्स दोनेक सेंटीमीटरमध्ये जुळले तर बिंदू ठेवावा. नियंत्रण बिंदू आणि हद्दीचे कोपरे यांच्यासाठी दुसरं मोजमाप तासाभराच्या किंवा त्याहून जास्त अंतराने घ्यावं, म्हणजे उपग्रहांची मांडणी बदललेली असते. साध्या तपशिलाच्या बिंदूला ५ सेकंद पुरतात; नियंत्रण बिंदूला आम्ही बायपॉड लावून १८० सेकंद देतो.

पीडीओपी हा उपग्रहांच्या पसरणीचा आकडा. तो २–३ च्या खाली असला की मांडणी चांगली, ६ च्या वर गेला की थांबावं. पण झाडाखाली पीडीओपी १.५ असूनही बिंदू खोटा असू शकतो, कारण उपग्रह कुठे आहेत एवढंच त्याला कळतं, त्यांची लहर पानांतून आली की भिंतीवरून हे कळत नाही.

झाडाखालचा दगड घ्यायचाच असेल तर त्याच्यामागे लागू नये. मोकळ्यावर दोन बिंदू घ्यावेत, दोन्हींपासून दगडापर्यंत टेप लावावी, आणि दोन अंतरांच्या छेदातून कंट्रोलरलाच बिंदू काढू द्यावा. दोन्ही टेप दगडापाशी साधारण काटकोनात मिळतील असे बिंदू निवडावेत. टेप जवळजवळ एका रेषेत आल्या तर छेद पसरट होतो आणि बाजूला सरकतो. तिसरं अंतर पडताळ्याला घ्यावं. दाट राईत जायचं असेल तर मोकळ्यावर दोन खुणा रिसीव्हरने करून पुढे टोटल स्टेशन लावणं हेच शहाणपणाचं.

कल-भरपाई असलेल्या रिसीव्हरमध्ये पोल तिरका धरूनही बिंदू मिळतो. भिंतीच्या कोपऱ्यासाठी किंवा खड्ड्यातल्या पाइपासाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. आतला जडत्वमापक सुरू व्हायला काही पावलं चालावं किंवा पोल पुढे-मागे हलवावा लागतो, आणि एका जागी बराच वेळ स्थिर राहिलं की तो पुन्हा सैल पडतो. पडताळा सोपा आहे: टोक एका खिळ्यावर ठेवून पोल चारही दिशांना झुकवत चार बिंदू घ्यायचे. चौघांचा पसारा दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त दिसला तर कॅलिब्रेशन करायचं. पोलची उंची चुकीची भरली असेल तर तिरक्या पोलवर ती चूक आडव्या स्थितीतही उतरते, हे विसरू नये. हद्दीच्या दगडावर आम्ही भरपाई बंद करून पोल सरळच धरतो.

निर्देशांक पद्धतीत झोन चुकला तर बिंदू शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतो आणि चूक लगेच दिसते. अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश यांची गल्लत जास्त फसवी: २०.३०३० हे कोणी २० अंश ३० मिनिटं ३० सेकंद म्हणून लिहिलं आणि कंट्रोलरने दशांश म्हणून वाचलं, तर अक्षांशात सुमारे २३ किलोमीटरचा फरक पडतो. जुन्या नकाशांचा पाया वेगळा लंबवर्तुळाभ (पृथ्वीचा गणिती आकार) असेल तर फरक काही शे मीटर, आणि तो मात्र नकाशावर पटण्यासारखा दिसतो. फुटांत काम करणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय फूट आणि यूएस सर्व्हे फूट यांत कोणता निवडला आहे ते पाहावं. दोघांत फरक दशलक्षात दोन एवढाच आहे, पण नॉर्दिंग (उत्तरेकडचा निर्देशांक) २० लाख मीटर असेल तर तो ४ मीटर होतो. अमेरिकेनेही तो दुसरा फूट २०२२ च्या अखेरीस वापरातून काढला, पण सॉफ्टवेअरच्या याद्यांत तो आहेच.

सर्वांत जास्त वाद होतात ते ग्रिडवरच्या (नकाशाच्या निर्देशांकांतून काढलेल्या) आणि जमिनीवरच्या अंतरावरून. यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक पद्धतीत झोनच्या मध्य रेखांशावर प्रमाण ०.९९९६ असतं. म्हणजे जमिनीवर टेपने १,००० मीटर असलेलं अंतर यूटीएम निर्देशांकांतून ४० सेंटीमीटर कमी येतं. जमीन लंबवर्तुळाभापासून ६०० मीटर उंच असेल तर आणखी सुमारे ९ सेंटीमीटर कमी. १०० मीटरच्या प्लॉटला हा फरक ५ सेंटीमीटर होतो आणि मग रिसीव्हर चुकतोय की टेप, असा प्रश्न येतो. दोघंही बरोबर असतात. मध्य रेखांशापासून सुमारे १८० किलोमीटरवर प्रमाण १ होतं आणि त्यापुढे उलट अंतरं वाढतात. क्षेत्रफळात परिणाम दुप्पट: मध्य रेखांशावर ६०० मीटर उंचीच्या एका हेक्टरमागे जवळपास १० चौरस मीटर. म्हणून क्षेत्र काढताना सॉफ्टवेअर ग्रिड अंतर दाखवतंय की जमिनीवरचं, हे एकदा पाहून घ्यायचं आणि नकाशावर स्पष्ट लिहायचं.

उंचीचं गणित वेगळं. रिसीव्हरला मिळते ती लंबवर्तुळाभापासूनची उंची. पाणी त्याप्रमाणे वाहत नाही. समुद्रसपाटीशी जोडलेली उंची मिळवायला जिऑइडचं, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाचं, प्रारूप लागतं, उदाहरणार्थ ईजीएम २००८. सूत्र सरळ आहे: लंबवर्तुळाभीय उंचीतून जिऑइडचं अंतर वजा करायचं. ते अंतर ऋण असेल, समजा उणे ६० मीटर, तर ५४० मीटर दाखवणाऱ्या बिंदूची समुद्रसपाटीपासूनची उंची ६०० मीटर होते. हे अंतर जगभरात साधारण उणे १०६ पासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतं. जागतिक प्रारूप स्थानिक बेंचमार्कपेक्षा (ज्ञात उंचीच्या खुणेपेक्षा) काही डेसिमीटरने वेगळं येऊ शकतं, म्हणून बेंचमार्कवर रोव्हर ठेवून फरक पाहिल्याशिवाय उंची कोणालाही देऊ नये.

जुन्या स्थानिक निर्देशांकांत काम बसवायचं असेल तर साइट कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात बिंदूंवर मोजून दोन्ही पद्धती जुळवणं, करावं लागतं. आडव्यासाठी निदान तीन, शक्यतो चार-पाच ज्ञात बिंदू, आणि ते कामाच्या क्षेत्राला चहूबाजूंनी वेढणारे हवेत. सगळे एका रस्त्याच्या कडेने असतील तर रस्त्यापासून दूर जाताना उंचीचं प्रतल तिरपं होत जातं. दोनच बिंदू घेतले तर उरलेला फरक शून्याजवळ येतो, आणि तो आकडा फसवा असतो, कारण पडताळायला काही उरलेलंच नसतं. चार बिंदूंत एकाचा फरक ८ सेंटीमीटर आणि बाकीच्यांचा १–२ सेंटीमीटर आला तर ८ सेंटीमीटरवाला काढून फिरून पाहावं. बहुधा तो दगड हललेला असतो किंवा दुसऱ्याच दगडाला तो समजलेला असतो. आलेला प्रमाण गुणकही वाचावा. वर सांगितलेल्या ग्रिड-जमीन फरकाने तो समजावता आला नाही, तर ज्ञात बिंदूंपैकी काहीतरी चुकलं आहे.

दिवसातली वेळही पाहावी. आयनमंडलातले (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले) मुक्त इलेक्ट्रॉन दुपारी सर्वाधिक असतात, आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर त्यांची दाटी असते. त्या पट्ट्यात दुपारी फिक्सला वेळ लागतो, लांब बेसवर तर जास्तच. सूर्यास्तानंतर काही तास सिग्नल तुटक होतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सौरचक्र २५ कमाल टप्प्यात पोचल्याचं जाहीर झालं, आणि अशा काळात हा त्रास वाढतो. रिसीव्हर बिघडला असं मानण्याआधी तोच बिंदू सकाळी मोजून पाहावा. नियंत्रणाचं काम सकाळी, तपशिलाचं दुपारी, अशी आखणी केली की बराच मनस्ताप वाचतो.

ठरलेले बिंदू जमिनीवर आखून देताना कंट्रोलरवरचा बाण कशाच्या संदर्भात आहे, उत्तरेच्या की चालण्याच्या दिशेच्या, ते आधी ठरवून घ्यावं. खुंटी ठोकल्यावर तिच्या डोक्यावर पोल ठेवून ती वेगळा बिंदू म्हणून पुन्हा नोंदावी. ठोकताना खुंटी दोन-तीन सेंटीमीटर सरकते आणि हा दुसरा बिंदू नसेल तर नंतर सिद्ध करायला हातात काही राहत नाही.

रोजचा पडताळा मात्र कधी टाळू नये: बेस सुरू झाल्यावर पहिला बिंदू ज्ञात खुणेवर, दुपारी बॅटरी बदलल्यावर पुन्हा, आणि बेस उतरवण्याआधी शेवटचा. वेगळ्या नावाने नोंदायचा, मूळ बिंदूवर लिहायचा नाही. बेसचे निर्देशांक, अँटेनाची उंची, पोल, झोन, जिऑइड यांतलं काहीही बदललं असेल तर ते या एका बिंदूत दिसतं.

फाइल बाहेर काढताना सीएसव्हीत स्तंभांचा क्रम पाहावा: काही सॉफ्टवेअर नॉर्दिंग आधी देतात, काही ईस्टिंग. दोन्ही आकडे सात-सहा अंकी असल्याने नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा येईपर्यंत कळत नाही. बिंदूच्या नावातले सुरुवातीचे शून्य स्प्रेडशीट गिळून टाकते, म्हणून नावं अक्षराने सुरू करावीत. स्तंभांत स्थिती, आरएमएस, अँटेनाची उंची आणि वेळ यांचाही समावेश करावा. वेळ जीपीएसची असेल तर ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा १८ सेकंद पुढे असते. ड्रोनच्या छायाचित्रांशी जोडताना हे लागतं.

आणि नुसती सीएसव्ही जपून भागत नाही. मूळ जॉब फाइल आणि बेसच्या कच्च्या नोंदी न बदलता वेगळ्या ठेवाव्यात. बेसचे सुधारलेले निर्देशांक दोन आठवड्यांनी, अंतिम कक्षा उपलब्ध झाल्यावर आले, तर जॉब फाइलमध्ये बेस बदलून सगळे बिंदू पुन्हा काढता येतात. सीएसव्हीतून ते होत नाही, कारण तिच्यात बेसपासून रोव्हरपर्यंतचं मोजमाप नसतं, फक्त त्याचं उत्तर असतं.